एका आकड्यासाठी तीन वर्षांचे रविवार

१९०३ साली न्यूयॉर्कमध्ये एक प्रोफेसर फळ्यासमोर उभे राहिले. एक गुणाकार केला आणि अवाक्षरही न बोलता जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्याच टाळ्या! असं काय होतं त्या आकड्यात?

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

घाबरू नका. हा कुणाचा अकाउंट नंबर नाही आणि ओटीपी तर नाहीच नाही. ही एक साधी, सरळ, पूर्ण संख्या आहे. फक्त एकवीस आकडी!

आता ही मोठ्यानं वाचून दाखवा बरं. लाख, कोटी, अब्ज... इथपर्यंत आपली गाडी बरी चालते. पुढे फेफे उडते. खरं तर आपल्याकडे पुढची नावंही तयार आहेत : खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली यादी परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली ही बया त्याच्याही पुढची आहे, जवळजवळ १,४७६ परार्ध! वर्षाचं पॅकेज मोजायला आपल्याला लाख पुरतात. नशीबवान असाल तर कोटी. तेव्हा या संख्येशी आपला संबंध काय, असं तुम्हाला वाटणं अगदी साहजिक आहे.

संबंध आहे. आपण रोज मोबाइलवर ज्या भरवशावर पैसे इकडचे तिकडे करतो, त्यातल्या बऱ्याचशा भरवशाचं मूळ या संख्येच्या गोष्टीत सापडतं. शिवाय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा एक विषयही तिच्यात आहे : रविवार.

आठ पट तांदूळ आणि वर सात दाणे

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. राजा खूश होतो, म्हणतो माग काय हवं ते. तो हुशार माणूस म्हणतो, पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरा. राजा हसतो. आणि मग राज्यातली सगळी कोठारं रिकामी झाली तरी पट काही भरत नाही.

अशा आठ पटांचे तांदूळ एकत्र करा. वर मोजून सात दाणे टाका. झाली आपली संख्या! गणिताच्या भाषेत सांगायचं तर २ चा ६७ वा घात, वजा १. म्हणजे दोनाला दोननं गुणत जायचं, ६७ दोन वापरायचे आणि येईल त्यातून एक काढून टाकायचा. कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ कळतात. त्याच्या भाषेत ही संख्या लिहिली तर दिसतात सलग ६७ एक. एकही शून्य नाही. कसली देखणी आहे ना?

या घराण्यातल्या संख्यांना 'मर्सेन संख्या' म्हणतात. मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला पॅरिसचा एक संन्यासी. संगीतात रमणारा, गणितात त्याहून जास्त रमणारा. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार. त्या काळातला चालताबोलता नेटवर्किंगवाला माणूसच म्हणा ना! १६४४ साली त्यानं एक यादी छापली. दोनाचा कितवा घात घेऊन एक वजा केला की मूळ संख्या मिळते, त्याची.

शाळा आठवतेय ना? मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग जात नाही ती. ७, १३, ३१ वगैरे मंडळी. बाकीच्या संयुक्त. १५ म्हणजे ३ गुणिले ५. परीक्षेत यायचं बघा, 'अवयव पाडा, गुण २'. तेच ते.

मर्सेनची यादी अशी होती : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. त्यात आपला ६७ आहे. म्हणजे मर्सेनच्या मते वरची एकवीस आकडी संख्या मूळ. तिला कुणीच तोडू शकत नाही.

त्यानं तपासली होती का? छे! एवढ्या मोठ्या संख्या तपासणं त्या काळी शक्यच नव्हतं आणि तोही हे जाणून होता. पण नाव मोठं, यादी छापील. छापून आलंय म्हणजे खरंच असणार, हा आपला लाडका समज तेव्हाही होताच. फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर आपण नाही का विश्वास ठेवत?

बिल चुकलंय, पण कुणामुळे?

दोनशे बत्तीस वर्षांनी, १८७६ मध्ये, एदुआर ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं या यादीला पहिला सुरुंग लावला. त्यानं सिद्ध केलं की ही संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते? ते त्यालाही माहीत नव्हतं!

हे कसं शक्य आहे, असं मलाही वाटलं होतं. तोडून न दाखवता तुटते म्हणून कसं सांगणार? मग एक उदाहरण सुचलं. आठ जण हॉटेलात जेवायला गेलात. प्रत्येकानं आपापला वाटा टेबलावर ठेवला. टोटल मारली तर अडीचशे रुपये कमी. कुणीतरी कमी दिलेत, हे शंभर टक्के नक्की. कुणी, ते मात्र टोटल सांगत नाही. ल्युकाची टेस्ट अशीच आहे. गडबड आहे एवढं ठामपणे सांगते, नाव सांगत नाही.

या टेस्टला आज वापरतात ते सुटसुटीत रूप डेरिक लेहमर या अमेरिकन गणितज्ञानं १९३० च्या दशकात दिलं. ती इतकी सोपी आहे की चहाबरोबर करून होईल. आधी छोट्या संख्येवर बघू : २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१. सुरुवात ४ पासून करायची. वर्ग करा, २ वजा करा, ३१ नं भागून बाकी ठेवा. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४. ३१ नं भागलं, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, म्हणजे ६२. ३१ नं भागलं, बाकी शून्य! घात ५ असेल तर ही पायरी तीनदा करायची, म्हणजे घातापेक्षा दोननं कमी वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. ६७ साठी अशा ६५ पायऱ्या. शेवटी शून्य येत नाही. खेळ खल्लास.

पण मनाला रुखरुख राहतेच. चोर आहे हे कळलं आणि चोर सापडला, यात फरक आहे की नाही? पुढची सत्तावीस वर्षं चोर मोकळाच होता.

न बोललेलं लेक्चर

आता आपले हीरो. फ्रँक नेल्सन कोल, कोलंबिया युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे कितीतरी वर्षं सेक्रेटरी. म्हणजे सभा भरवणं, पत्रं पाठवणं, इतरांचे लेख तपासून छापणं, अशी पडद्यामागची कामं करणारा माणूस. प्रत्येक ऑफिसात असा एकजण असतो बघा. सगळं त्याच्यावाचून अडतं आणि फोटोत तो कधीच नसतो.

ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये सोसायटीची सभा. कार्यक्रमपत्रिकेवर कोल यांचा निबंध, विषय मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. पुढची हकिगत एरिक टेंपल बेल या गणितज्ञ-लेखकानं कित्येक वर्षांनी लिहून ठेवली आहे. किस्सा रंगवून सांगण्यात बेलसाहेबांचा हात कुणी धरू शकत नाही, तेव्हा चवीपुरतं मीठ आपण वजा करू. ते सांगतात की कोल उठले, फळ्याशी गेले आणि काही न बोलता २ चा ६७ वा घात हातानं काढायला लागले. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या, कोऱ्या भागाकडे गेले आणि दोन संख्या एकाखाली एक लिहिल्या :

१९३७०७७२१
७६१८३८२५७२८७

मग शाळेत शिकवतात तसा उभा गुणाकार. ओळीखाली ओळ, हातचे घेत, शांतपणे. शेवटी बेरीज. इकडचं उत्तर आणि तिकडचं उत्तर, एकवीसच्या एकवीस आकडे तंतोतंत तेच!

कोल यांनी खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. 'थँक यू' नाही, 'एनी क्वेश्चन्स' नाही. आणि समोरच्या, एरवी गंभीर चेहऱ्यानं बसणाऱ्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रश्न कुणीच विचारला नाही. विचारणार काय? फळ्यावर सगळं होतं.

चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन करून शेवटी 'याचा मुद्दा काय?' हे ऐकावं लागणाऱ्या आपल्यासारख्यांनी या प्रसंगापुढे कोपरापासून हात जोडावेत!

पुढे १९११ मध्ये बेल यांनी कोलना विचारलं, हे करायला किती वेळ लागला? उत्तर मिळालं, तीन वर्षांचे रविवार.

आत्या आणि नवाचा ताळा

हा गुणाकार आपणही करून बघावा, अशी हुक्की मला एका सुट्टीच्या दुपारी आली. चौकटींची वही घेतली, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला आणि बसले. नऊ आकड्यांनी बारा आकड्यांना गुणायचं. मधला शून्य सोडला तर आठ ओळी. सगळं मिळून पाऊण तास लागला.

माझी आत्या तेव्हा घरी आलेली होती. तिनं बँकेत काउंटरवर आणि लेजरवर पस्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली कितीतरी वर्षं कॉम्प्युटरशिवाय. माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत म्हणाली, "अगं, ताळा घेतलास का?"

"कसला ताळा?"

"नवाचा. एवढं शिकलात आणि ताळा येत नाही होय गं तुम्हाला?"

मग तिनं दाखवलं. संख्येतले सगळे आकडे मिळवायचे, एकच आकडा उरेपर्यंत. पहिली संख्या : १+९+३+७+०+७+७+२+१, झाले ३७. तीन आणि सात दहा, एक आणि शून्य एक. दुसरी संख्या : बेरीज ६४. सहा आणि चार दहा. पुन्हा एक! एक गुणिले एक, एक. आता उत्तराचे एकवीस आकडे मिळव म्हणाली. मिळवले. १०९. एक आणि नऊ दहा... एक!

"बसला ताळा," आत्या म्हणाली. "आता चहा टाक."

ताळा बसला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर ताळ्याला पत्ताही लागत नाही. पण ताळा बसला नाही तर उत्तर नक्की चूक. गंमत बघा, ही पुन्हा ल्युकाचीच चाल. चूक आहे एवढं सांगायचं, कुठे आहे ते नाही.

१५६ रविवारांचा हिशोब

आता जरा विचार करा. जोडायला मला पाऊण तास. तोडायला कोलना तीन वर्षं. दोन्ही बाजूंना आकडे तेच! इतका फरक का?

कारण तोडताना कशानं भागायचं हेच माहीत नसतं. संख्येच्या वर्गमुळापर्यंत शोध घ्यावा लागतो आणि आपल्या संख्येचं वर्गमूळ आहे साधारण १,२१४ कोटी. एवढ्या संख्यांनी भागून बघणार?

सुदैवानं मर्सेन घराण्याचे काही नियम आहेत. घात ६७ असेल तर प्रत्येक अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकनं जास्तच असतो. (छोटं उदाहरण घ्या. २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७. अवयव २३ आणि ८९. दोन्ही २२ च्या पटीहून एकनं जास्त. जमलं!) या एका नियमानं उमेदवार १,२१४ कोटींवरून साधारण ९ कोटींवर येतात. दुसरा नियम म्हणतो, अवयवाला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. उरले साडेचार कोटी. मिनिटाला एक भागाकार धरला तर न झोपता, न जेवता ८६ वर्षं. बॉस कितीही कडक असो, अशी डेडलाइन कुणी देत नाही.

लहान अवयव या रांगेत बराच आधी उभा होता हे आज आपल्याला माहीत आहे. तरीही त्याचा नंबर सात लाखांच्या पुढे. ३, ५ आणि ७ नं भाग जाणारे उमेदवार आधीच घरी पाठवले तरी त्याच्याआधी सव्वातीन लाखांवर उरतात. आणि १५६ रविवार, रोज आठ तास, मिनिटाला एक भागाकार, असं धरलं तर होतात जेमतेम ७५ हजार. म्हणजे नुसत्या घासण्यानं हे काम होणारच नव्हतं. कोल यांनी वर्गांच्या बाक्या वापरून नवनव्या अटी शोधल्या. अशी प्रत्येक अट उरलेल्या उमेदवारांतले साधारण अर्धे बाद करते. दहा अटी सापडल्या तर हजारातला एकच उरतो. त्या रविवारांतला मोठा भाग भागाकारात नाही, कोणते भागाकार करायचे नाहीत हे ठरवण्यात गेला. हार्ड वर्क की स्मार्ट वर्क, यावर आपण ट्रेनिंगमध्ये वाद घालत बसतो. कोलना दोन्ही लागलं.

"वाया गेले ना रविवार?"

हे सगळं मी एका मित्राला उत्साहानं सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं लॅपटॉप उघडला, आकडा टाकला, एंटर मारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही अवयव स्क्रीनवर! "बघ," तो म्हणाला, "तीन वर्षं वाया गेली ना बिचाऱ्याची?"

मी म्हटलं, आता तुझ्या लॅपटॉपला सहाशे आकडी संख्या दे. तो हसला. त्याला माहीत होतं, तिथे त्याच्या लॅपटॉपचीच काय, जगातल्या मोठमोठ्या यंत्रांचीही डाळ शिजत नाही.

आणि इथेच आपले पैसे येतात. १९७७ मध्ये एमआयटीतल्या तिघांनी, रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेन एडलमन यांनी, याच फरकाचं कुलूप बनवलं. तिघांच्या आडनावांवरून त्याला आरएसए म्हणतात. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या आणि गुणायच्या. गुणाकार खुशाल जगाला सांगायचा, अवयव स्वतःकडे ठेवायचे. गुणाकार म्हणजे कुलूप. कुणीही ते लावून आपल्याला गुप्त निरोप पाठवू शकतो. उघडायचं तर अवयव हवेत. आजही कितीतरी वेबसाइट्सची ओळखपत्रं आणि डिजिटल सह्या याच कुलुपावर चालतात. कोलना तीन वर्षं छळणारी अडचण या तिघांनी कामाला लावली!

त्याच वर्षी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून त्यांनी १२९ आकडी संख्येत बंद केलेला एक निरोप छापला. उघडणाऱ्याला बक्षीस १०० डॉलर. हे फोडायला तेव्हाच्या हिशोबानं चार कोटी अब्ज वर्षं लागतील, असा अंदाजही सोबत होता. विश्वाचं वयसुद्धा त्यापुढे चिल्लर! प्रत्यक्षात एप्रिल १९९४ मध्ये, सतराच वर्षांत, कुलूप तुटलं. इंटरनेटवरून साधारण ६०० जण आणि १,६०० कॉम्प्युटर आठ महिने राबले. पद्धत कोल यांच्या वर्गांच्या बाक्यांच्याच घराण्यातली, पण कितीतरी पुढे गेलेली. आत निरोप काय होता? जादूचे शब्द म्हणून एका हाडं फोडणाऱ्या, नको तिथे किळस वाटणाऱ्या गिधाडाचं नाव! म्हणजे निव्वळ टाइमपास.

मग काय, कुलूप मोठं झालं. २०२० च्या फेब्रुवारीत २५० आकडी आरएसए संख्या फुटली. आज वापरात असलेली कुलपं साधारण ६१७ आकडी असतात, तिथवर कुणी पोचल्याचं जाहीर झालेलं नाही. उद्याचं मात्र टेन्शन आहे. १९९४ मध्येच पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर हे अवयव भराभर पडतील. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या तीन पद्धती ठरवून दिल्या. त्यांचा पाया अवयवांवर नाही. म्हणजे कुलपं बदलण्याचं काम सुरू झालंय, चोर दारात यायच्या आधी.

छापील यादीचं काय झालं?

मर्सेनची यादी शेवटी पाच ठिकाणी चुकलेली निघाली. ६७ आणि २५७ उगाच आत, ६१, ८९ आणि १०७ उगाच बाहेर. सगळं तपासून व्हायला तीनशे वर्षं लागली. मला या गोष्टीत सगळ्यात भावतं ते हेच. एका मोठ्या नावानं काहीतरी म्हटलं आणि ते अडीचशे वर्षं चाललं. ते मोडायला कोलना वाद घालावा लागला नाही, कुणाची शिफारस लागली नाही, आवाज चढवावा लागला नाही. कुणालाही स्वतः पडताळता येईल असं उत्तर त्यांनी फळ्यावर ठेवलं. शोधायला तीन वर्षं, तपासायला पाऊण तास. ज्याचं काम असं असतं, त्याला बोलायची गरजच पडत नाही.

कोल १९२६ मध्ये गेले. सोसायटीच्या कामातून निवृत्त होताना मित्रांनी निरोपाची भेट म्हणून पैसे जमवून दिले, तेही त्यांनी सोसायटीलाच देऊन टाकले. त्यातूनच कोल पारितोषिक उभं राहिलं. गणितातल्या मानाच्या पारितोषिकांपैकी एक. २०११ मध्ये अंकसिद्धांतासाठीचं हे पारितोषिक दोघांना मिळालं, त्यातले एक आपल्या मुंबईत जन्मलेले चंद्रशेखर खरे. रविवारचा आकडा कुठून कुठे पोचला बघा!

आणि शोध संपलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन तरुणानं मर्सेन घराण्यातली नवी मूळ संख्या शोधली. तिला ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडे! त्याच्या दिमतीला सतरा देशांतली यंत्रं होती. पण मला जास्त ओढ वाटते ती दुसऱ्याच एका बिचारीची. २ चा १२७७ वा घात वजा १. आकडे फक्त ३८५. ती मूळ नाही हे टेस्टनं केव्हाच सांगितलंय. अवयव मात्र इतकी यंत्रं लावूनही २०२४ संपेपर्यंत कुणाला मिळाले नव्हते. बिल चुकलंय, नाव कळत नाहीये. तिच्या कोलची वाट बघणं चालू आहे.

या रविवारी करून बघा!

• चौकटींची वही घ्या आणि कोलचा गुणाकार एकदा हातानं करा. नवाचा ताळा घ्यायला विसरू नका. सगळ्या बेरजा शेवटी १ यायला हव्यात.

• १२७ घ्या, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. ४ पासून सुरू करून ल्युकाची पायरी पाचदा करा. शेवटी शून्य येतं का बघा.

• मित्राला ८,६३३ चे अवयव पाडायला सांगा आणि घड्याळ लावा. मग ८९ आणि ९७ चा गुणाकार करायला सांगा. पहिल्याला किती मिनिटं लागली, दुसऱ्याला किती? दोन वेळांतला तो फरक म्हणजेच तुमच्या पैशांचं कुलूप.